उघड्या बॉनेटचे देवमनकाका

देवमनकाकांच्या अंगणात पाय ठेवायचा तर चपला फाटकाबाहेर काढाव्या लागत. आत देवबिव काही नव्हता. इंजिन उघडं असायचं.

अंगणाच्या मधोमध त्यांची जीप उभी असे. लष्कराच्या लिलावातून निघून, चार मालकांच्या हाताखालून ती मध्य प्रदेशातल्या सौंसरला पोचलेली. बॉनेट वर, आणि शेजारी जमिनीवर एक स्वच्छ पांढरी चादर. तिच्यावर नट, बोल्ट, प्लग, व्हॉल्व्ह असे ओळीनं मांडलेले, की घरात वाळवणं चालू आहेत असं वाटावं. कोणी विसरून चपलेसकट आत आला की काका खेकसत, "अबे धूळ! दवाखान्यात पोट फाडून ठेवलेल्या माणसापाशी असाच जाशीन का तू?"

मी तेव्हा रामाकोन्याच्या शाळेत मास्तर होतो. नवीन लग्न झालेलं. सौंसरला काकांच्या घरासमोर एक खोली भाड्यानं मिळाली आणि मी, सुशीला आणि एक स्टोव्ह असा आमचा संसार सुरू झाला. काका तहसील कचेरीतून बाबू म्हणून रिटायर झालेले. जन्मभर फायली बांधल्या आणि पाना हातात धरला तो साठीला टेकल्यावर. मुलगा भिलाईला नोकरीत होता. काकू आम्ही येण्याच्या चार वर्षं आधीच गेल्या होत्या.

गाडी दुरुस्तीला द्यायची कल्पनाच काकांना सहन होत नसे. पांढुर्ण्याला रशीद मिस्त्री म्हणून मोठा नावाजलेला कारागीर होता. त्याचं नाव काढलं की काका पाना खाली ठेवत. "मिस्त्रीले पैसे देऊन काय भेटते? गाडी भेटते. पण आपल्या गाडीच्या पोटात काय हाय ते भेटते का? लेकराले ताप आला तं त्याच्या कपाळावर हात मायनं ठेवाचा का शेजाऱ्यानं?" एकदा तो रशीद मिस्त्री लग्नाच्या निमित्तानं सौंसरला आला होता. गाडी पाहून बिचारा म्हणाला, "बाबूजी, एक चाय पिलाओ, शाम तक चालू करके देता हूँ." काकांनी त्याला दोन कप चहा पाजला आणि गाडीपासून चार हात लांबच बसवलं.

काकांची स्वतःची दुरुस्ती मात्र कधी संपत नसे. दोन वर्षांत ती जीप रस्त्यावर धावताना मी फार तर चार वेळा पाहिली. एरवी आज टॅपेट वाजून राहिलं, उद्या प्लग काळे पडून राहिले, परवा "इंजिनाचा श्वास नीट नाही" असं काही ना काही निघे. इंजिन जोडलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा चादर अंथरलेली.

पाकिटाचा जाड कागद आणि लग्नपत्रिका ते जपून ठेवत. कार्बोरेटरखाली घालायचं, गळती थांबवणारं गॅस्केट ते त्यातूनच कापत. कागद त्या सुट्या भागावर ठेवायचा, हातोडीनं हलके हलके ठोकायचं, म्हणजे कडा आपोआप कापली जाते. आमची लग्नपत्रिका मी मोठ्या प्रेमानं त्यांना दाखवायला नेली, ती परत आलीच नाही. आठ दिवसांनी विचारलं तर म्हणाले, "बेस कागद होता मास्तर. तुमचं लग्न कुठूनच गळत नाही."

संध्याकाळी त्या चादरीभोवती सात-आठ माणसं जमत. कापसाच्या जिनिंगमधला तोलारी, पोस्टातले बाबू, संत्र्याचे बगीचे असलेले दोघे-तिघे. ज्यांनी जन्मात सायकलचं पंक्चर काढलं नाही तेही सल्ला देत. काका सगळ्यांचं ऐकून घेत, चहा देत, आणि कोणाच्याच सल्ल्याप्रमाणे काही करत नसत. फाटकाबाहेर पडलं की त्यांची टिंगलही करत. मीही रोज जाऊन बसे. घरी येऊन सुशीलाला सांगे, "म्हाताऱ्याले काही येत नाही." आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तो शनिवार होता. सकाळची शाळा करून मी घरी आलो, तर दारात माझे सासरे उभे. तिगावहून आलेले, नवं धोतर, हातात पेढ्यांचा खोका आणि छातीशी एक लांब पाकीट. सुशीलाला शिक्षिकेची सरकारी नोकरी लागली होती! अर्ज तिनं लग्नाआधी भरला, म्हणून हुकूम माहेरी गेलेला. त्या घराण्यात आजवर सगळे दुसऱ्याच्या शेतात राबत आले. सरकारी कागद त्या घरात पहिल्यांदाच आला होता.

"कधी आला, बाबा?" सुशीलानं विचारलं.

"झाले नऊ-धा दिवस," सासरे अभिमानानं म्हणाले. "बुद्धापुढं ठेवला होता, फुलं वाहून. सारी वस्ती येऊन पाहून गेली. तुह्या आत्याले बलावलं, मामाले बलावलं. सगळ्यायचं दर्शन झालं, मंग आनला."

वस्तीतल्या एका शिकलेल्या पोरानं तो वाचला होता म्हणे. सुशीलाचं नाव आणि 'नियुक्ति' हा शब्द येताच लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढचं कोणी ऐकलंच नाही. मी पुढचं वाचलं. पांढुर्ण्याच्या शिक्षण कचेरीत आजच्या तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत हजर व्हायचं होतं, नाहीतर नियुक्ती निरस्त. म्हणजे रद्द. तिगाव पांढुर्ण्याच्या पलीकडे; म्हणजे सासरे पांढुर्ण्यावरूनच तो कागद घेऊन चाळीस किलोमीटर इकडे आले होते.

घड्याळात दीड वाजला होता. दोनच्या बसचा स्टँडवर पत्ता नव्हता. ती रस्त्यात बंद पडल्याचं कळलं, आणि पुढची बस साडेचारला होती. संत्र्याचा हंगाम सरलेला, त्यामुळे ट्रकही नव्हते. मी धावत परत आलो. सुशीला दारात बसून होती. रडत नव्हती, नुसती बसली होती. सासरे त्या कागदाकडे बघत म्हणत होते, "म्या पोरीचं वाटोळं केलं. म्या केलं."

गल्लीत गाडी एकच होती, आणि तिचं इंजिन चादरीवर पसरलं होतं. तरी मी गेलो; सासरेही पाकीट आणि खोका घेऊन मागोमाग आले. दुसरं करणार काय? जमलेल्या दोघा-तिघांसमोर काकांना सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "सगळे तिकडं सरका. कोणी बोलू नका."

मग मी जे पाहिलं ते कधी विसरणार नाही. काकांचे हात चादरीवर न बघता फिरू लागले. कोणता नट कुठला, हे एकदाही थांबून पाहिलं नाही. हेड बसवलं, नट क्रमानं आवळले, टॅपेट लावले, नळी चढवली. मी पाणी आणून देण्यापलीकडे कामाचा नव्हतो. कार्बोरेटर बसवताना मात्र जुनं गॅस्केट हातात फाटलं. काकांनी जाड कागदासाठी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांची नजर सासऱ्यांच्या पाकिटावर स्थिरावली. सासऱ्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी दाबलं. "हा नाही भेटनार!"

"तो नको. पेढे काढून खोका द्या," काका म्हणाले. खोक्याच्या झाकणातून त्यांनी गॅस्केट ठोकून काढलं, तेलात बुडवलं आणि बसवलं. तीनला पाच मिनिटं असताना जीपनं पहिल्याच फटक्याला हुंकार दिला.

जीप पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागली. मी सारखा इंजिनाचा आवाज ऐकत होतो, सासरे डोळे मिटून पुटपुटत होते. साडेचारच्या आत काकांनी आम्हाला कचेरीच्या दारात उतरवलं. सुशीला आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली आणि सही करताना शाई लागलेलं बोट दाखवू लागली. सासरे तिथेच रस्त्यावर काकांच्या पाया पडायला वाकले. काकांनी त्यांना धरून उभं केलं. "हे काय करून राहिले, भाऊ? तुमी मोठे."

कचेरीसमोरच रशीद मिस्त्रीचं दुकान होतं. गाडी ओळखून तो आला, चालू इंजिनाला कान लावून उभा राहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्टरजी, इस इंजन को तो कोई बीमारी ही नहीं है. बाबूजी इसको खोलते काहे को हैं?"

परतीच्या वाटेवर सासरे तिगावला जायचं सोडून आमच्याच बरोबर आले. ते आणि सुशीला मागे पेंगत होते. मी काकांना मिस्त्रीचा प्रश्न विचारला. 

"तुमची काकू गेली नं," ते म्हणाले, "तेराव्यानंतर सारे आपापल्या घरी गेले. महिनाभर दाराची कडी कोणी वाजवली नाही. एक दिवस गाडी फाटकात बंद पडली, तं ढकलाले सहा जण धावले. मंग बसले, चहा घेतला, बोलले. गाडी चालू झाली, तसे उठले." त्यांनी गिअर बदलला. "चालू गाडीपाशी कोन थांबते, मास्तर?"

 माझ्या शेजारी बसलेला हा माणूस दोन वर्षं लोकांची टिंगल सोसत होता, आणि त्या टिंगलीत माझाही वाटा होता.

सोमवारपासून पांढुर्ण्याच्या शाळेत सुशीलाची नोकरी सुरू झाली. सकाळी सहाच्या बसला तिला सोडायला निघालो, तर काका जीप चालू करून फाटकात उभे. "बस नाही आली तं?" एवढंच बोलले. ती बसमध्ये चढेपर्यंत ते स्टँडवर थांबले. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. त्या आठवड्यात चादर अंथरली गेली नाही. बॉनेट बंद होतं, आणि संध्याकाळी अंगणात कोणीही नव्हतं. लोकांना वाटलं, गाडी दुरुस्त झाली. आमच्या एका बसच्या भरवशासाठी त्यांनी आपली सगळी माणसं सोडून दिली होती.

शनिवारी सुशीला पांढुर्ण्याहून आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "चला." आम्ही दोघं समोर गेलो. काका ओट्यावर एकटे होते. आम्हाला बघून गडबडीनं उठले. "काऊन? कुठं जाचं हाय? गाडी तयार हाय."

"कुठंच नाही जाचं, काका," सुशीला म्हणाली. "नुसतं बसाले आलो."

काकांना काय करावं सुचेना. त्यांनी कोरडेच हात फडक्याला पुसले, मग आमच्यासमोर बसले. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. इंजिनाचा विषय मात्र निघाला नाही. मग हळूहळू, शब्द शोधत, ते काकूंबद्दल बोलू लागले. त्यांना जिलेबी किती आवडे, त्या किती मोठ्यानं हसत.

त्यांचं नाव कौसल्या होतं, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.