बिनरश्श्याचं मटण

रविवारी सकाळी साडेदहाला तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा पंडितराव इंगवल्यांच्या दारात येऊन उभे राहिले, आणि घरात मटण आलेलं असताना आपल्याला का बोलावलं नाही, असं त्यांनी विचारलं.

दोघंही आपापल्या पातेल्यात होते. तांबडा पुढं, वरचा तेलाचा कट काठापर्यंत आलेला. पांढरा एक पाऊल मागं, झाकण तिरकं धरून, नव्या सुनेनं पदर धरावा तसा. कोल्हापुरात हे होतं. घरात मटण शिजायला लागलं आणि रश्श्याची काही हालचाल दिसली नाही, की अकराच्या आत रस्सा चौकशीला येतो. सगळेच रस्सा करतात म्हणून हे कुणाच्या बघण्यात नसतं, एवढंच.

पंडितराव हातात झारा घेऊन बाहेर आले. मिशीला पुदिन्याचं पान चिकटलं होतं.

"या की," ते म्हणाले. दारात आलेल्याला दुसरं काय म्हणायचं.

"बसायला न्हाई आलो," तांबडा म्हणाला. "अर्धा किलो खिमा. बकऱ्याचा. मांडीचा. खरं का खोटं?"

"खरं."

"मग खोबरं भाजल्याचा वास का न्हाई?"

पंडितरावांनी मिशीवरचं पान काढलं. एसटीच्या वर्कशॉपात त्यांनी बत्तीस वर्षं टायर बदलले, साहेबांची बोलणी खाल्ली, पण असा पेचात टाकणारा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"पाव्हणं, आज लाब करतोय," शेवटी ते म्हणाले.

"काय करताय?"

"लाब. थायलंडात करतात. मटणाची... आता कसं सांगू तुमाला. मटण असतंय, पण रस्सा नसतो."

तांबड्याचा कट जरा हलला. पांढऱ्यानं झाकण नीट केलं. बाहेरून जाणारी शेजारची पारूबाई थांबली आणि उगीच चप्पल झाडायला लागली.

आता पंडितराव काही हौसेनं या भानगडीत पडले नव्हते. चहाच्या पुढं त्यांना काही येत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या बायकोला, मालनला, ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल. ती काही आली नाही. मालन दोन घास गिळायची, तेही गोळी पोटात जायला पाहिजे म्हणून. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. आणि गेल्या बुधवारी भिंतीकडं बघत ती एकदम म्हणाली, "वैजूच्या गावाला खाल्लेलं तसलं मटण असतं तर खाल्लं असतं बगा."

वैजू म्हणजे त्यांची लेक. जावयाची नोकरी बँकॉकला. दोन वर्षांपूर्वी हे दोघं तिकडं आठ दिवस राहून आले, आणि मालननं आठही दिवस फुटपाथवरच्या एका बाईच्या गाड्यावर बसून लाब खाल्लं. बारीक खिमा, लिंबू, मिरची, पुदिना, भाजलेल्या तांदळाचा कूट. चार महिन्यांत तिनं तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट. पंडितरावांनी बुधवारीच वैजूला फोन लावला आणि सगळी कृती एसटीच्या जुन्या डायरीत उतरवून घेतली. तिकडून आणलेली माशाच्या आंबवलेल्या पाण्याची बाटली दोन वर्षं कपाटात बंद होती. ती काढली. घरातली मांजर त्या दिवसापासून कपाटाखालीच राहायला गेली.

हे सगळं त्यांनी दोन्ही रश्श्यांना सांगितलं. तांबड्यानं ऐकून घेतलं.

"चार महिनं दर रविवारी पारूबाईच्या हातनं आमी या घरात येतोय," तो म्हणाला. "ताटात जातोय आणि ताटातनं तसंच परत येतोय. कधी तक्रार केली?"

"न्हाई."

"वहिनी काय म्हणतात आमाला?" पांढऱ्यानं विचारलं. तो हळू बोलायचा, पण विचारायचं ते नेमकं विचारायचा.

पंडितरावांनी झारा या हातातून त्या हातात घेतला. "गरम पाणी लागतंय म्हणती."

तांबडा मटकन खाली बसला. पायरीवर चार थेंब सांडले.

"मला," तो म्हणाला. "गरम पाणी."

"दोघांनाबी म्हणती," पंडितराव म्हणाले. एकट्याला वाईट वाटू नये म्हणून.

एवढ्यात पांढरा आत जाऊन स्वयंपाकघरात डोकावला होता. कढईत खिमा नुकता शिजला होता आणि त्याच्या कडेनं चार चमचे पाणी सुटलं होतं.

"हे कोण?" त्यानं विचारलं.

"पाणी सुटलंय खिम्याचं."

"मटणाचं पाणी म्हणजे आमचं लेकरू," पांढरा म्हणाला. "ते आमच्या ताब्यात द्या. आमी निमूट जातो."

आता ते पाणी दिलं असतं तर लाब कोरडं ठाक होणार. वैजूनं फोनवर तीनदा बजावलं होतं, पप्पा, सुटलेलं पाणी टाकू नका, सगळी चव त्यात असती. पंडितरावांनी दोघांकडं पाठ केली, वाटीतला कूट उचलला आणि कढईत टाकला. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, तांबूस होईस्तोवर भाजून खलबत्त्यात जाडसर कुटलेला. त्यानं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चारही चमचे पाणी पिऊन टाकलं.

"कुठं गेलं?" पांढऱ्यानं विचारलं.

"मुरलं."

मग तांबडा उठला आणि म्हणाला, "केरबा वस्तादांना बोलवा."

केरबा वस्ताद म्हणजे गल्लीच्या तालमीचे अध्यक्ष. कुस्तीचा निकाल आणि रश्श्याचा तंटा, दोन्ही त्यांच्याकडंच. वय अठ्ठ्याहत्तर, मान नाही, डोकं थेट खांद्यावर. ते काखेत रजिस्टर मारून आले, पाटावर बसले, आणि पेन्सिलीला जीभ लावून पंचनामा सुरू केला.

"मटण?"

"अर्धा किलो."

"कांदा?"

"हाय. कच्चाच."

वस्तादांनी वर बघितलं. "कच्चा," म्हणत लिहिलं. "खोबरं?"

"न्हाई."

"खसखस?"

"न्हाई."

"तेल तरी?"

"थेंबभरबी न्हाई."

दारात जमलेल्या बायकांत पारूबाईनं कपाळाला हात लावला. वस्तादांनी माशाच्या पाण्याची बाटली उघडून नाकाशी नेली, थोडा वेळ डोळे मिटून बसले, बूच लावलं आणि लिहिलं, 'वास : आहे.'

"आता बगा," ते म्हणाले. "हे सुकं न्हवं, कारण तेल न्हाई. रस्सा न्हवं, कारण दोघंबी हितं बाहेर उभे हायत. कच्चा कांदा, लिंबू, पुदिना, वरनं कूट. आमच्यात याला कोशिंबीर म्हणतात."

"मटणाची कोशिंबीर?" तांबडा म्हणाला.

"नाव मी ठेवलं न्हाई. लक्षणं तशी हायत."

मग वस्तादांनी कायदा सांगितला. ताटाच्या डाव्या हाताला कोशिंबीर, चटणी, लोणचं, लिंबाची फोड. उजव्या हाताला भाजी, मटण, रस्सा. रश्श्याची हद्द उजवीकडं. भाताच्या पलीकडं त्याला कुणी विचारत नाही आणि त्यानंही विचारायचं नाही. तेव्हा हा पदार्थ डावा ठरला, तर दोन्ही रश्श्यांनी मुकाट्यानं घरी जायचं. आणि उजवा ठरला, तर एका तासाच्या आत त्यात खोबऱ्याचं वाटण आणि दोन तांबे पाणी घालून त्याला रीतसर रस्सा द्यायचा.

तांबड्यानं वाटण बरोबरच आणलं होतं. त्यानं ते पुढं सरकवलं. हिरव्या पानात बांधलेलं, चांगलं नारळाएवढं.

पंडितरावांनी कढईवर ताट झाकलं. दोन तांबे पाणी पडलं, की मालनच्या पुढं पुन्हा तेच गरम पाणी. ती 'राहू दे' म्हणून भिंतीकडं तोंड करणार. आणि पुन्हा काही मागायला तिला किती महिने लागतील, कुणास ठाऊक.

"ठरवायचं कसं, वस्ताद?"

"चाखून. तोंडात गेल्यावर आदी लिंबू बोललं तर डावं. मटण बोललं तर उजवं."

"तुमीच चाखा मग."

"मी रश्श्याचा माणूस," वस्ताद म्हणाले. "साठ वरसं रोज सकाळी वाटीभर पांढरा पितोय. माझ्या जिभेवर कोण इस्वास ठेवल?"

पांढऱ्यानं झाकण जरा खाली ओढलं. तो लाजला असावा.

गल्लीतली निम्मी माणसं वाट्या घेऊन दारात हजर होती आणि प्रत्येकाचं म्हणणं होतं, की आपण एकदम निष्पक्ष आहोत. वस्तादांनी एकेकाला विचारलं, काल रात्री काय जेवलास. एकजात सगळे बाद झाले. पारूबाई वांगं खाल्लं म्हणाली, पण तांबड्यानं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि तिनं कबूल केलं, की वांग्याच्या आधी थोडं दुसरंही खाल्लं होतं.

"याला असं माणूस पायजे," वस्ताद म्हणाले, "की ज्याच्या जिभेवर कुणाचाच वशिला न्हाई. म्हंजे ज्याला चवच न्हाई."

सगळ्यांनी आतल्या खोलीकडं बघितलं.

मालन कॉटवर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. घर दोन खोल्यांचं, न ऐकून जाणार कुठं.

"आणा," ती म्हणाली.

पंडितरावांनी कढईत लिंबं पिळली, मिरचीची भाजलेली पूड टाकली, माशाचं पाणी दीड चमचा, गुळाचा एक खडा, वरून कांदा आणि पुदिना. पुदिना जरा जास्तच पडला. वाटी भरून त्यांनी तिच्या हातात दिली. दारात दोन्ही रस्से, त्यांच्या मागं गल्ली. वस्तादांनी पेन्सिल जिभेला लावून तयार ठेवली.

मालननं चिमटीनं घास घेतला. चावला. पुन्हा चावला. घास या गालातून त्या गालात गेला. कुठंतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली, तर गल्लीतल्या वीस जणांनी तिकडं वळून 'शू' केलं. मालननं गिळलं आणि नवऱ्याकडं बघितलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

वस्तादांची पेन्सिल तशीच राहिली. "लिंबू का मटण, वैनी?"

"ते तुमी बगा. मीठ कमी हाय."

पंडितराव मीठ आणायला स्वयंपाकघरात गेले. मिठाची बरणी त्यांनी उघडली आणि लावली. पुन्हा उघडली, पुन्हा लावली. मग बरणी तशीच हातात घेऊन फळीकडं तोंड करून उभे राहिले.

"मीठ आणायला गेलाय का मिठागर शोधायला?" मालनचा आवाज आला.

पंडितराव बाह्यांनी तोंड पुसून बाहेर आले. म्हणाले, मिरचीचा हात डोळ्याला लागला.

वस्तादांनी तेवढ्यात निकाल काढला होता. ताटात मीठ वाढतात ते ना डावीकडं, ना उजवीकडं. वर, मधोमध. चाखणारीनं लिंबाचंही नाव घेतलं नाही आणि मटणाचंही नाही, मिठाचं घेतलं. तेव्हा पदार्थ मिठाच्या शेजारी, मधोमध. तिथं रश्श्याचा हक्क पोचत नाही आणि कोशिंबिरीचाही नाही.

"मान्य?" त्यांनी विचारलं.

पांढऱ्यानं तांबड्याकडं बघितलं. "कायद्यानं मान्य," तांबडा म्हणाला. "पण ते वाटण आता मी परत न्हेऊ का?"

"बसा की दोघं," मालन म्हणाली. "दारात उभं राहून खाणाऱ्याच्या तोंडाकडं बगू नये."

दोघं बसले. त्यांना वाट्या दिल्या. पांढऱ्यानं थोडं खाल्लं आणि थंडावा चांगला आहे म्हणाला. तांबड्यानं मोठा घास घेतला, आणि काही क्षणांनी त्याच्या कटाला बुडबुडे यायला लागले.

"तिखट हाय," तो म्हणाला.

पारूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तांबड्यानं तो हातानं मागं सारला. पाणी त्याला चालत नाही.

मालननं वाटी संपवली आणि पुढं केली. पंडितरावांनी दुसऱ्यांदा भरली. तीही निम्म्यावर आणून ती म्हणाली, "कूट जाड राहिलाय. दाताखाली खडं आल्यागत वाटतंय. आणि पुदिन्याची देठं कुणी काढायची? लिंबाची बी पण आली मघाशी. त्या बाईच्या हातचं कसं होतं, आणि हे काय."

वस्तादांनी पेन्सिल वर केली. "पंडितराव, हे निकालात धरायचं न्हाई. नुसतं बोलणं हाय. सोडून देऊ?"

"न्हाई," पंडितराव म्हणाले. "सगळं लिवा. एकबी सोडू नका."

"आणि कांदा," मालन म्हणाली, "हा असा चिरतात व्हय?"

वस्तादांनी नवं पान काढलं.