लाल ट्रेमधली गॉथिक कादंबरी

गॉथिक कादंबरीचा, म्हणजे जुन्या धर्तीच्या भयकादंबरीचा, उगम आणि विकास हा विषय प्राध्यापक अकरा वर्षं शिकवत होते, आणि ती अकराही वर्षं कंत्राटावर. उद्या निवड समितीपुढे याच विषयावर व्याख्यान होतं. ते चांगलं वठलं तर कायमची नेमणूक. नाही तर पुढच्या वेळी वयाची अट आडवी येणार होती. म्हणून त्यांनी व्याख्यानाचे नऊ मुद्दे सुवाच्य अक्षरात उतरवले आणि पाच प्रती काढून घ्यायला ते कार्यालयात गेले. प्रतींसाठी हिरवा ट्रे होता; त्यात अधीक्षकांचा चहाचा पेला ठेवलेला होता. भिडस्त प्राध्यापकांनी पेल्याला धक्का न लावता कागद शेजारच्या लाल ट्रेमध्ये ठेवला.

लाल ट्रे मागणीपत्रांचा. त्याबाबत अधीक्षकांचा शिरस्ता पंचवीस वर्षांत बदलला नव्हता. प्राचार्यांची सही घ्यायची, प्रत्येक बाबीची पूर्तता करायची, आणि कशासाठी हवं ते विचारायचं नाही; विचारलं की फाईल लांबते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्राध्यापकांना फाटकातच गाठलं.

"सर, तुमची मागणी होत आली. एका दमात एवढं कुणी मागत नाही, पण साहेबांची सही झाली म्हटल्यावर आपण कोण?"

"कसली मागणी, भाऊसाहेब?"

अधीक्षकांनी चष्मा चढवला. "अनुक्रमांक एक. जुन्या पेटीत सापडलेलं हस्तलिखित. पेटी मिळाली. आत जुनं हजेरीपुस्तक आहे, वाळवी लागलेलं. चालेल ना?"

"अहो, ते मुद्दे आहेत व्याख्यानाचे! अशा कादंबरीच्या पहिल्या लेखकाला लोक हसतील अशी भीती होती. म्हणून त्यानं सांगितलं, की ही गोष्ट मी लिहिलीच नाही, जुनी पोथी हाती लागली. गाजल्यावर मग कबूल केलं."

"शहाणा माणूस. मीही टिपणी तशीच लिहितो," अधीक्षक म्हणाले. "दोन, पडका किल्ला. किल्ला नव्हता, जुनी प्रयोगशाळा दिलीय. व्याख्यान तिकडेच हलवलंय. तीन, ओलसर तळघर. ते आपल्याकडे न मागताच होतं. चार, जुलमी सरदार. उपप्राचार्यांना विचारलं, ते लगेच तयार झाले. पाच, बेशुद्ध पडणारी नायिका. हे पद मंजूर नाही, सर. पण टंकलेखिका बाई तात्पुरत्या पडतील. फरशी पुसलेली हवी म्हणाल्या."

"आणि भूत?" प्राध्यापकांनी न राहवून विचारलं.

"सहा. उपलब्ध नाही, असा दाखला जोडलाय."

आता काही बदलणं शक्य नव्हतं. समिती जुन्या प्रयोगशाळेत येऊन बसली होती. अध्यक्षस्थानी एक करारी निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांच्या पायाशी पेटी होती. प्राध्यापकांनी सुरुवात केली. सरदाराचा उल्लेख येताच खांद्यावर खिडकीचा पडदा घेतलेले उपप्राचार्य आत शिरले आणि "कुणाच्या परवानगीनं जमलात?" असं गरजले. हे वाक्य ते रोजच म्हणत असल्यामुळे अगदी सहज आलं. टंकलेखिका बाईंनी फरशीवर बोट फिरवून पाहिलं आणि नाखुशीनं त्या पेटीवर पडल्या. झाकण दणकलं. फटीतून एक पाल निघाली, अध्यक्षबाईंच्या पर्सवर चढली, आणि अध्यक्षबाई न पुसलेल्या फरशीवर आडव्या झाल्या. अधीक्षकांनी समासात नोंद केली, 'मागणी एक, पुरवठा दोन.'

शुद्धीवर येताच अध्यक्षबाईंनी 'अयोग्य' असा शेरा मारला आणि समिती निघून गेली.

प्राध्यापक पेटीवर बसून राहिले. अकरा वर्षांच्या मुलाखती, दर जूनला नव्यानं केलेले अर्ज, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. अधीक्षक यादी घेऊन जवळ आले.

"सात. गूढाचा शेवटी साधा उलगडा." त्यांनी लिहिलं, 'पाल.' "आठ. भीती किल्ल्यातून घरात आणि घरातून माणसाच्या मनात शिरते." त्यांनी प्राध्यापकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खूण केली. मग त्यांची पेन्सिल थबकली. "नऊ राहिला की."

"राहू द्या, भाऊसाहेब."

"राहू कसं द्या? माझी एकही फाईल अर्धवट नाही."

ते तडक प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी कागद वाचला; पहिल्यांदाच. "'ज्याच्यावर अन्याय झाला त्याला त्याचं पद मिळतं.' हे मी मंजूर केलंय?"

"सही आपलीच."

"मग उपलब्ध नाही म्हणून दाखला जोडा. भुताला जोडलात तसा."

"भूत खरंच नव्हतं, साहेब. पद रिकामं आहे. खोटा दाखला मी देत नाही."

"समितीचा शेरा आहे ना?"

"तो व्याख्यानावर आहे. मागणीवर नाही."

न वाचता सही केली हे कबूल करणं किंवा नेमणुकीचा कागद काढणं, एवढेच दोन मार्ग होते. प्राचार्यांनी दुसरा निवडला.

घरी नेमणुकीचा कागद बायकोनं दोनदा वाचला, डोळे पुसले आणि मग म्हणाली, "अहो, अकरा वर्षं तुमच्या वर्गात पंखा नाही. नऊ गोष्टी मागितल्यात, त्यात एक पंखा सुचला नाही?"

"तोंडी सांगत होतो गं."

"तोंडी."

दुसऱ्या दिवशी 'पंखा, एक' असं सुवाच्य अक्षरात लिहून प्राध्यापक कार्यालयात गेले. अधीक्षकांचा चहाचा पेला आज लाल ट्रेमध्ये होता. महाविद्यालयाचे कायम प्राध्यापक कागद हातात धरून तो रिकामा होण्याची वाट पाहत उभे राहिले.