मैदानापलीकडचा चहा

खेडेकर सरांनी मला फसवलं. कॉलेजचा जिमखाना सांभाळणाऱ्या माणसाने कॅन्टीन चालवणाऱ्या माणसाला, दिवसाढवळ्या. रत्नागिरीच्या बाजारात मी नारळवाल्यालाही रडवतो, पण या माणसापुढे माझं काही चाललं नाही.

सरांना एकच वेड : पोरांनी हललं पाहिजे. ‘हाडं गंजतात रे मेल्या,’ हे पालुपद. त्यासाठी ते कोणाशीही भागीदारी करत. इलेक्ट्रिशियनशी केली आणि चांगल्या चालत्या लिफ्टवर ‘बंद आहे’ अशी पाटी लागली. प्राचार्य धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर जायचे आणि लिफ्टचं काय झालं म्हणून सरांनाच विचारायचे. सर गंभीरपणे सांगत, ‘पार्ट यायचाय मुंबईहून.’

मग माझी पाळी आली. माझं कॅन्टीन गेटजवळ होतं. पोरगा गाडीवरून उतरायच्या आत वडापाव त्याच्या हातात.

‘बंड्या, मैदानाच्या पलीकडे ये. भागीदारी करू.’

‘आणि गिऱ्हाईक?’

‘धावत येईल. धावलेलं पोर दोन वडे जास्त खातं.’

मी शेड मागितली, मिळाली. नळ मागितला, मिळाला. पंखा मागितला, तोही. जो माणूस घासाघीस करत नाही तो फसवतोय, हे माझ्यासारख्याला कळू नये?

खरी अट नंतर कळली. गाडीवरून आलेल्याला चहा द्यायचा नाही!

‘सर, गिऱ्हाईक म्हणजे देव!’ मी ओरडलो.

‘मग देवळाच्या गाभाऱ्यात गाडी नेतोस काय रे?’

पोरं तांबडी माती तुडवत, शिव्या घालत यायची. हळूहळू शिव्या कमी झाल्या. काही मुली चहाआधी मैदानाला फेरी मारू लागल्या, कुणी न सांगता. संध्याकाळी शेडपुढच्या जांभ्या दगडाच्या पायरीवर मधोमध सर, आणि भोवती घामेजलेला घोळका.

‘सर, आज दम नाही लागला.’

‘मग उद्या दोन फेऱ्या, शेट.’

मी मात्र प्राचार्यांकडे जाऊन भांडत राहिलो, मला गेटजवळ परत आणा म्हणून. सर निवृत्त झाले आणि प्राचार्यांनी मला परत आणलं. लिफ्टही लगेच ‘दुरुस्त’ झाली. मी जिंकलो.

पहिल्याच संध्याकाळी बघतो तर रिकाम्या शेडपुढे सर बसलेले. एकटेच. मी गेटवरून हाक मारली, ‘सर, इकडे या, चहा तयार आहे!’ त्यांनी नुसता हात हलवला. चरफडत मीच ग्लास घेऊन मैदान ओलांडलं.

‘घरी जा की आता.’

‘मिरजोळ्याच्या खोलीत चार भिंती आहेत रे. त्या कुठे धावतात?’ मग गेटकडे बघत म्हणाले, ‘पोरं येतील. सवय लागलीय त्यांना.’

कोणी आलं नाही. पोरं गेटजवळ माझ्याच बाकड्यांवर बसून वडे खात होती. सरांनी अर्धा चहा बराच वेळ हातात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेटवर पाटी लावली : ‘शेगडी बंद आहे. चहा मैदानापलीकडे.’

‘काय झालं शेगडीला?’ पोरं करवादली.

‘पार्ट यायचाय मुंबईहून. चला, पाय उचला!’

भांडून मिळवलेली जागा ऐन धंद्याच्या वेळी मी स्वतः बंद ठेवतो आणि किटली घेऊन मैदान तुडवतो. कोण जबाबदार याला? विचारलं, तर सर पोरांच्या घोळक्यातून नुसता रिकामा ग्लास पुढे करतात. हे काय उत्तर झालं? ते काही नाही सर, मला जाब पाहिजे!