गुणाबाबांचा शिकंजा

आमच्या डिचोलीत गुणाबाबांच्या घरी गेलात तर ते तुम्हाला पाणी विचारणार नाहीत. आधी वरपासून खालपर्यंत पाहतील आणि तुमचं वजन किती असेल याचा अंदाज घेतील. उभा जन्म खाणीच्या वजनकाट्यावर ट्रक तोलण्यात गेला. निवृत्त झाले तरी डोळ्यांतला काटा काही निघाला नाही. पसंत पडलात तर लगेच, "यो यो, मात्सो बस हांगा," म्हणून एका फळीवर बसवतील. मग उठायची सोय नाही.

मी त्यांचा शेजारी आणि अंगाने चांगलाच भरलेला. माझ्या पोटावरून बायको जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मला पाहिलं की गुणाबाब खुलायचे. "भरिल्लो ट्रक आयलो!" माझ्या जाडीचं आजवर कुणी कौतुक केलं असेल तर या एका माणसाने.

त्याचं झालं असं. गुणाबाबांच्या पत्नी शालनवहिनी वारल्या. मुलगी लग्न होऊन वास्कोला. घरात गुणाबाब एकटे. रडले नाहीत, वहिनींबद्दल कुणाशी चकार शब्द बोलले नाहीत. एक दिवस माळ्यावरच्या फणसाच्या फळ्या खाली काढल्या आणि म्हणाले, मेज करतो. आता लाकडाला लाकूड चिकटवायचं तर मध्ये सरस लावून, तो सुकेपर्यंत दोन्ही फळ्या घट्ट दाबून धराव्या लागतात. सुतार त्यासाठी पेच आवळायचा लोखंडी शिकंजा लावतात. गुणाबाबांकडे शिकंजा नव्हता, म्हणून त्यांनी शेजारी वापरले.

एकदा तर पाव घेऊन आलेल्या पोदेरालाच बसवलं. सायकल दारात, टोपली सायकलवर, आणि अख्खा वाडा चहा गार करत वाट बघतोय. पोदेर बिचारा फळीवर बसून आपल्या सासूच्या गुडघेदुखीची हकिकत सांगत होता, कारण गुणाबाबांनी ती खोदून खोदून विचारली होती. बसवलेल्या माणसाला ते असंच काहीबाही विचारत राहायचे.

मला मात्र त्या मेजाचं गणित कधी कळलं नाही. एकदा पाहावं तर त्याला चार पाय, पुढल्या खेपेला तीन. मध्यंतरी ते मला मेज सोडून कदेर, म्हणजे खुर्ची, वाटायला लागलं.

"हें कितें, गुणाबाब?"

"पयलीं चिकटूं दी, मागीर सांगतां."

आणि चिकटण्याचं तर नाव नाही! काल ज्या फळीवर बसलो तिच्यावरच आज पुन्हा बसायचं. मी म्हणायचो, सुकली असेल आता. ते म्हणायचे, "हवा दमट रे. हालूं नाका." बाहेर मे महिन्याचं ऊन डोकं फोडत असायचं. माझंच काही चुकतंय की सरसच खोटा आहे, मला समजेना.

शेवटी म्हापशाच्या बाजारातून मीच दोन शिकंजे आणून दिले. वाटलं, म्हातारा खूश होईल. त्यांनी ते हातात घेतले, पेच फिरवून पाहिले, "बरे आसात," म्हणाले आणि खिळ्याला टांगून ठेवले. तोंड असं उतरलं, की मी काही अपराध केला की काय! दुसऱ्या दिवशी हाक आलीच, "यो मरे, बस!" शिकंजे खिळ्यावर, आणि मी फळीवर.

मग मीही चिडलो. तरातरा उठलो, तर वरची फळी माझ्या धक्क्याने सरकून सरळ खाली पडली. दोन्ही फळ्या कोरड्या ठणठणीत. सरसाचा डबा कोपऱ्यात, झाकणसुद्धा न उघडलेला.

मला हसू आवरेना. "गुणाबाब, तुमी सरस लावंक विसरले!"

ते हसले नाहीत. पडलेली फळी उचलून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

"विसरूंक ना," ते हळूच म्हणाले. "लोक येतात, दारांत उबे रावतात, 'बरे मरे?' म्हणटात आनी वतात. सरस लायला म्हळ्यार बसतात."

म्हणजे दारातूनच परत जाणाऱ्यांना बसवायला सरस हे नुसतं निमित्त होतं. एवढे दिवस मी या माणसाची गंमत घरी जाऊन मीठमसाला लावून सांगत होतो. दोन्ही फळ्या मी भिंतीला लावून ठेवल्या आणि जमिनीवरच फतकल मारून बसलो.

आता गोंधळायची पाळी त्यांची होती. त्यांनी फळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आनी सरस?"

"आज नाका."

मग ते आत गेले, भांडी वाजली, आणि दोन कप चहा घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. मी एक घोट घेतला. पाकच होता तो.

"गोड जालो?" त्यांनी विचारलं. "शालनाक साकर जास्ती लागताली."