कोरडा टॉवेल पिळण्याचे शास्त्र

निसर्गाने सर्व माणसांना सारखेच सांधे दिले आहेत. ते कोणी हलवायचे, हा किरकोळ तपशील मात्र त्याने प्रत्येक घराच्या सोयीवर सोडला आहे.

आमच्या घरात ही व्यवस्था अतिशय चोख आहे. गुडघा हा बिजागरीचा सांधा, दारासारखा एकाच दिशेने उघडतो-मिटतो. माझ्या पप्पांचा (नाव विजयसिंह, बसतातही तसेच) गुडघा सोफ्यावर मिटतो आणि जेवायची हाक आली की उघडतो. खांदा हा उखळीचा सांधा, तो चहूकडे फिरतो. पप्पांचा रिमोटपर्यंत फिरतो. रिमोट त्यापलीकडे असेल तर आई फिरते. मान आडवी हलते आणि उभीही. उभी हलवायचं खातं आईकडे आहे. माझ्या पाहणीनुसार घरातलं अठ्ठ्याण्णव टक्के वाकणं आईच्या नावावर आहे. उरलेलं दोन टक्के पप्पांची चप्पल कॉटखाली गेली तेव्हाचं (आई माहेरी होती).

इतकी काटकसर करूनही जानेवारीत पप्पांचा उजवा खांदा आखडला. घरावर आभाळ कोसळलं. बिद्रीहून आत्या संत्री घेऊन आली. शाहूपुरीतल्या चंदना मॅडम फिजिओथेरपिस्ट आहेत, त्यांनी व्यायाम दिले: फडकं धरून भिंतीवर हात वर-खाली करणे आणि टॉवेल दोन्ही हातांनी पिळणे.

पप्पांनी एकही दिवस चुकवला नाही, हे मी अभिमानाने सांगते. रोज सकाळी ते हॉलमध्ये कोरडा टॉवेल पिळतात. त्याच वेळी मागच्या दारात आई ओले टॉवेल पिळते. हालचाल एकच आहे. पहिलीला उपचार म्हणतात, दुसरीला काहीच म्हणत नाहीत. (उपचाराने थकवा येतो, त्यावर पोहे लागतात. कांदा आई चिरते.)

"पप्पा, ओलाच पिळला तर?" मी सुचवून पाहिलं.

"मॅडमनी ओला सांगितलाय व्हय?"

शास्त्रापुढे बोलता येत नाही.

दरम्यान एक बारीकशी गोष्ट झाली. आईचा उजवा हात दोरीपर्यंत पोचेना. स्टुलावर चढून ती डाव्या हाताने कपडे वाळत घालू लागली. तिची वेणी मी घालते.

"दाखवूया की मॅडमना."

"मला काय धाड भरलीया? दिवसभर हात चालूच हाय की."

हा मुद्दा घरात एकमताने मंजूर झाला.

शेवटी पप्पांच्या तपासणीला मी तिला पिशवी धरायला म्हणून नेलं (पिशवी धरायला ती लगेच तयार होते). मॅडमनी पप्पांचा हात सगळीकडे फिरवून पाहिला आणि तोंडभरून कौतुक केलं. मग मी डोळ्यांनी खुणावलं तसं त्या आईला म्हणाल्या, "ताई, तुमचा हात वर करा बघू."

आईचा हात खांद्याच्या रेषेत येऊन थांबला. तिने हसतहसत दुसऱ्या हाताने तो वर ढकलला.

"राहू दे, राहू दे. ह्यांच्यापेक्षा तुमचा जास्त आखडलाय. कधीपासून?"

"दिवाळीपास्नं," आई म्हणाली, आणि अपराध्यासारखी पप्पांकडे बघू लागली.

"महिनाभर जड काम बंद. पिळणं तर अजिबात नको."

"मग घरातलं कोण बघायचं ओ?" पप्पांनी विचारलं. प्रश्न खरोखरच गंभीर होता.

"तुमचा खांदा झाला की बरा," मॅडम म्हणाल्या.

पप्पा तिथंच कळवळले. घरी येईपर्यंत त्यांचा खांदा पूर्वीपेक्षा जास्त आखडला होता. आता आई त्यांना रोज शेक देते. डाव्या हाताने.

तुम्ही हे निवांत बसून वाचलंत, आभारी आहे. वाचता वाचता शेजारी चहाही आला असेल. ठेवणाऱ्या माणसाने तो कुठल्या हाताने ठेवला, तेवढं फक्त सांगा.