अनुकंपा तत्त्वावर ग्रीक

कोणतीही प्राचीन भाषा पटावरच्या संख्येवर जगते, हे आता सर्वमान्य झालं आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका नामवंत महाविद्यालयानं प्राचीन ग्रीकचा प्राथमिक वर्ग याच जाणिवेनं सुरू केला. मूल्यांकन समिती येणार होती आणि तिला काहीतरी परदेशी दाखवायचं होतं. (आधी परदेशी झाडं लावून पाहिली. ती मे महिन्यात गेली.) शिकवण्याचं काम अर्थशास्त्राच्या मंजुषा मॅडमकडे आलं. त्या परकीय व्यापार शिकवायच्या, म्हणजे निम्मा विषय झालेलाच होता.

प्रवेश सर्वांना खुला असल्यामुळं वैजापूर तहसीलमधून निवृत्त झालेले साहेबरावही आत आले. "ज्या भाषेत मला कुणी अर्ज करणार नाय, ती शिकायची," असं त्यांनी घरी जाहीर केलं. मग रोज सकाळी दाढी करताना आल्फा, बीटा, गामा सुरू झालं. डेल्टाला रेझर नेमकं ओठाखाली यायचं, त्यामुळं डेल्टा कायम तोंडातल्या तोंडात.

"पप्पा, आधी दाढी उरका, मग ग्रीस!" मुलगी विशाखा स्वयंपाकघरातून ओरडायची.

मुळाक्षरं संपवून साहेबराव चौथ्या धड्यापर्यंत पोचले आणि अचानक वारले. महाविद्यालयानं दोन मिनिटं मौन पाळलं (पैकी एक प्रत्यक्षात). वर्गाची संख्या वीस टक्क्यांनी घटली, म्हणजे पाचाचे चार उरले. ते चौघं पंख्यासाठी यायचे.

दहाव्यानंतर महाविद्यालयाचा हेडक्लार्क कडूबा घरी भेटायला आला. "ताई, लई वाईट झालं. साहेबांसारखा माणूस नाय. पण काय करावं, जागा मोकळी दिसायलीय अन् समिती यायलीय. अनुकंपा तत्त्वावर तुम्ही बसता का?"

अनुकंपेवर नोकरी मिळते, तर ग्रीक का मिळू नये, याला उत्तर नव्हतं. विशाखानं होकार दिला. तिला एवढंच हवं होतं, की पप्पांच्या बाकावर बसून पहिल्या अक्षरापासून सगळं शिकावं.

इथं नियम आडवा आला. वारसाला जागा मिळते ती मयत जिथं थांबला तिथून पुढं.

"मुळाक्षरं साहेबांनी पूर्ण केलीत," कडूबानं समजावलं. "एकाच जागेवर दोनदा दिली, तर ऑडिटला काय सांगू?"

विशाखा एकही अक्षर न ओळखता थेट पाचव्या धड्यात बसली. तिची प्रगती इतर चौघांइतकीच होती.

समिती आली. अध्यक्षांनी नेमकं विशाखाला उभं केलं. "म्हणा काहीतरी ग्रीकमधलं."

मंजुषा मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. विशाखानं दाढी करताना करतात तशी मान वर केली आणि सुरुवात केली. आल्फा, बीटा, गामा, तोंडातल्या तोंडात डेल्टा, आणि तसंच ओमेगापर्यंत, न अडखळता, वैजापूरच्या हेलात.

अध्यक्षांनी डोळे मिटून ऐकलं. शेरा दिला : 'उच्चार अस्सल. विशेषतः डेल्टा.'

वर्गाला मुदतवाढ मिळाली. परीक्षा रद्द झाली. एकही अक्षर न ओळखता ग्रीकपाशी थोडा वेळ बसलं, की प्राथमिक स्तर पूर्ण, असं ठरलं. आपण इथवर वाचलंत, तेव्हा आपलाही झाला. नाव पटावर चढवलं आहे.

आपल्यानंतर कोण बसणार, तेवढं कडूबाला कळवून ठेवा.