मीठ धरलेली जीभ

सलाईनच्या दोन बाटल्या अंगात गेल्या, म्हणजे आता पाणी प्यायची गरज उरली नाही, असं ठरवून मी दुपारपर्यंत घोटभरही पाणी प्यायलो नाही. आणि दुखणं काय, तर जुलाब!

पनवेलच्या त्या छोट्या हॉस्पिटलात शेजारच्या खाटेपाशी हिराजीदादा बसले होते. सत्तरी ओलांडलेली, मांडीवर बर्फाचा थर्मास. ओळख ना देख, मला म्हणाले, "जीभ दाखव."

मी दाखवली.

"मीठ धरलंय," त्यांनी निकाल दिला.

दादांचा जन्म मिठागरात गेलेला. आता सुकापूरला मुलाच्या फ्लॅटात राहतात, पण वॉर्डातली प्रत्येक जीभ मिठाचा वाफा बघावा तशी बघतात. कोणाचा अजून चिखल, कोणाचा माल तयार. "पानी आटवायचा धंदा केला आमी," ते म्हणाले. "पन मानसाचं तोंड आटलेलं बघवत नाय."

सिस्टरना विचारून त्यांनी मला बर्फाचा खडा दिला. "चावू नको, चघळ. घोट घोट पानी पी. चाय नको, आनखी सुकशील. आन् तोंड उघडं टाकून घोरतोस, ते बंद कर."

"अहो, सलाईन म्हणजे पाणीच की!" मी अक्कल पाजळली.

"ते रगतात जातं. जिभेला कोन पाजनार?"

खाटेवर त्यांची बायको, यमुनाबाई. कॅन्सरच्या गाठीवरचं औषध सलाईनमधून चाललेलं. त्यात उलटी थांबवायच्या इंजेक्शनानं तोंड असं कोरडं पडायचं, की जीभ टाळ्याला चिकटायची. एरवी औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांत पुन्हा बोलायला लागायच्या. या खेपेला आठवडा झाला तरी तोंडातून शब्द नव्हता. दादा ओला कापूस त्यांच्या ओठांवरून फिरवत होते.

"चाळीस वर्सं हिच्या शिव्या खाल्ल्या," ते हळूच म्हणाले. "आता घरात नुसता पंखा वाजतो."

मला गप्प बसवेना. त्यांना उभारी यावी म्हणून मी कर्नाळ्याच्या वाटेवर खाल्लेल्या मिसळीपासून माझ्या जुलाबांची कथा सुरू केली. तिसऱ्यांदा. दादांनी ऐकता ऐकता माझ्यासाठी आणखी एक खडा काढला.

"अवो."

आवाज खाटेवरून आला. खरखरीत, पण आला. दादांच्या हातातलं थर्मासचं झाकण गडगडत खाटेखाली गेलं. ते उचलायला वाकलेले दादा बराच वेळ वर आलेच नाहीत.

"त्याला बरफ नका देऊ," यमुनाबाई म्हणाल्या. "सुकू दे त्याचं तोंड. कान किटलं माजं."